नळीतली दुसरी गोळी

फोनवर नाव हसनचाचांचं उमटलं, म्हणून मी वर्गाबाहेर येऊन सवयीनं म्हटलं, "बोला चाचा."  पलीकडून त्यांचा मुलगा अयूब म्हणाला, "म्याडम, अब्बा गेला. सकाळीच…" मी कळंबच्या शाळेत शिकवते. त्या दिवशी पुढचा तास मी घेतला, फळ्यावर गणितंही लिहिली, पण मुलांनी काय उत्तरं दिली ते मला आठवत नाही. हसनचाचा माझे नात्यातले नव्हते. जुन्नरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं कुलपांचं आणि बंदुकांच्या दुरुस्तीचं दुकान होतं, आणि माझ्या वडिलांची बंदूक वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जायची, एवढाच आमचा संबंध. तरीही गेले काही आठवडे मी त्यांच्याबद्दल लिहायला बसते आणि उठते. कारण त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी फार आधी सांगायला हवी होती.

आमचं गाव येडगाव. धरणाच्या कडेला आमचा ऊस, आणि उसात रानडुकरं. पिकाच्या राखणीसाठी अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. तोंडाकडून आधी दारू घालायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि गजानं ती तळापर्यंत ठासायची, अशी ती जुनी बंदूक. अण्णांनी तिनं कधी जनावर मारलं नाही. बांधावर उभं राहून हवेत बार काढायचा, एवढंच. पण नुसती दारू भरून वाजवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. गोळी पाहिजेच. वर्षातून एकदा ते बंदूक पोत्यात गुंडाळून जुन्नरला न्यायचे, आणि चाचा ती खोलून, पुसून, तेल देऊन परत करायचे. दोघं चहा पीत भांडायचेसुद्धा. "तुमी तेल कमी घालता," हे चाचांचं, आणि "तू लई घालतोस," हे अण्णांचं.

आई गेल्यावर अण्णा घरी एकटेच, माझा भाऊ पुण्यात आणि मी कळंबला, त्यामुळे शनिवार-रविवारी मी येडगावला जायचे. अशाच एका शनिवारी पोचले तर अण्णा ओट्यावर बंदूक मांडीवर घेऊन बसलेले. गोळी अर्ध्या वाटेत अडकली होती. गज खाली जाईना, गोळी वर येईना. "पावसाळी हवेनं नळी गंजली असंल," ते म्हणाले. "कायबी न्हाई, केप लावून बार काढतो, जाईल निघून." केप म्हणजे बार पेटवणारी तांब्याची बारीक टोपी; ती काढायला ते खिसा चाचपू लागले, तेव्हा मी बंदूक त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. ते इतके चकित झाले की मुकाट्यानं गाडीत येऊन बसले. 

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. बंदूक शिकंज्यात अडकवली, तोंड भिंतीकडे, आणि आम्हाला बाजूला उभं केलं. आधी टोपी बसते तो कान त्यांनी काढला आणि तिथून पाणी सोडलं, आतली दारू मेली पाहिजे म्हणून. मग तोंडाकडून तेल. मग गज आत घालून जिथं अडला तिथं नखानं खूण केली, तोच गज बाहेरून नळीवर धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. पुन्हा घातला, पुन्हा धरला. "अण्णा, नाक्यावरनं भजी आणता का? आज मला जरा भूक लागलीय." चाचांनी अण्णांना कधी काम सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. अण्णा खूश होऊन गेले.

ते वळताच चाचा हळू आवाजात म्हणाले, "ताई, गोळी जिथं अडकलीय तिथनं तळापर्यंत लई जागा राहते. तेवढ्यात एकाच बाराची दारू असंल असं मला वाटत नाय."

गजाच्या टोकाला त्यांनी एक बारीक स्क्रू बसवला, आणि तो नळीच्या मधोमध राहावा म्हणून पितळेची कडी. मग फिरवायला लागले. घाई अजिबात नाही. शिशात स्क्रू रुतल्याचं हाताला कळलं की थांबायचे, डोळे मिटायचे, पुन्हा अर्धा फेरा. शेवटी आडवी मूठ धरून त्यांनी सरळ ओढलं आणि गोळी आली. मागोमाग ओल्या दारूचा काळा चिखल. त्यांनी गज पुन्हा आत घातला. पुन्हा अडला. पुन्हा तेच सगळं, आणि दुसरी गोळी त्यांच्या तळहातावर आली. तिच्याखालून पुन्हा दारू.

मग मला उलगडा झाला. आधी कधीतरी अण्णांनी बंदूक भरली होती, ती वाजली नव्हती, आणि ती भरलेली आहे हेच ते विसरून गेले होते. त्यावर त्यांनी दुसऱ्यांदा भरली. खालची दारू पेटली असती तर नळी त्यांच्या तोंडाशीच फुटली असती. मी बाकावर बसले. गेले काही महिने ते एकच गोष्ट दोनदा सांगत, जेवण झाल्यावर ताट मागत, ते सगळं मला दिसत होतं आणि मी ते वयावर ढकलत होते.

"ही दुसरी अण्णांना दाखवायची का?" चाचांनी विचारलं.  गल्लीत अण्णांचा आवाज आला तशी चाचांनी ती गोळी खिशात टाकली.

"निघाली का?" अण्णांनी भज्यांचा पुडा ठेवत विचारलं.

"निघाली. ही बघा. पण अण्णा, घोड्याची स्प्रिंग गेलीय. अशी स्प्रिंग आता मिळत नाय. बनवून बघतो. बंदूक राहू द्या हितंच."

स्प्रिंगला काहीही झालेलं नव्हतं. चाचांनी वहीत रीतसर नोंद केली, कागद दिला, आणि आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. त्यानंतर अण्णा दर पंधरवड्याला फोन करत आणि चाचा दर वेळी सांगत, "जमंना अजून." चाळीस वर्षं हातात आलेलं काम पुरं करून देणारा माणूस पुन्हा पुन्हा अपयशाची कबुली देत होता. अण्णा चिडले. एसटी स्टँडवर, सोसायटीत, लग्नाच्या मांडवात सांगू लागले, "हसनचा हात गेला राव. साधी स्प्रिंग बसवाया येईना." मी शेजारी उभी असायचे. त्यांची टोपी नीट करायचे, पाण्याची बाटली द्यायचे. बोलायचे नाही.

एकदा मी चाचांची माफी मागायला गेले. ते म्हणाले, "अण्णांचं डोकं गेलं असं चार लोकांनी म्हणण्यापरीस माझा हात गेला म्हणू द्या. माझं कुलपांवर भागतंय." पण भागत नव्हतं. गिऱ्हाइकं अयूबला विचारू लागली होती, "तूच करणार ना?" दोन वर्षांनी अण्णा गेले, भावानं बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, आणि मी मनाशी म्हटलं, संपलं. खरं सांगायचं राहिलंच… कुणी विचारलं नाही, हे माझं निमित्त.

परवा दुकानात गेले. अयूब एकटाच होता. मी त्याला सगळं सांगितलं, दोन गोळ्या, स्प्रिंग, भजी, सगळं. तो हातातली कानस खाली ठेवून ऐकत राहिला.

"म्याडम," तो म्हणाला, "लोक बोलाया लागल्यापासनं अब्बानं केलेलं प्रत्येक काम मी मागनं परत खोलून बघायचो. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी. त्यो नमाजला गेला का."

"काही चुकलेलं सापडायचं?"

"नाय. एकबी नाय. तरी बघायचो."

"त्यांना कळत होतं?"

अयूबनं मान खाली घातली. "एकदा म्हणाला, खोलतोस तर खोल, पर ज्या भोकाचा स्क्रू त्याच भोकात लाव."

मी त्याची क्षमा मागितली.  मग त्यानं टेबलाच्या खणातून एक जुनं, जड, पितळी कुलूप काढलं. चाचांचं शेवटचं काम. कुणाच्या तरी कांद्याच्या वखारीचं, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. अयूबनं सवयीनं स्क्रूड्रायव्हर उचलला, कुलपाच्या पाठीवर टेकवला. थोडा वेळ तसाच धरून राहिला. मग तो बाजूला ठेवला, कुलूप न खोलता वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि वर गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं.