हिरव्या काचेवरची फांदी

रंगीत काचांचं नवं तावदान खडूची पूड टाकून ब्रशने घासलं की सांध्यांतून वर आलेली पुट्टी निघते आणि मळकट काचा एकेक करून उजळतात. हे काम मला फार आवडतं. परवा मात्र घाईत हात जड पडला आणि हिरव्या काचेला तडा गेला. शेजारच्या काकूंनी ती काच काकांच्या जुन्या कपाटाच्या दारातून काढून दिली होती. काका गेल्यावर एवढीच उरलेली. मी तड्यावर शिशाची पातळ पट्टी बसवली, काळी केली, मेण लावून चकाकवली.

काकू आल्या. नेमकं त्या पट्टीवरूनच त्यांनी बोट फिरवलं.

"ही फांदी काय सुंदर काढलीस गं! यांना झाडं फार आवडायची."

"हो," मी म्हणाले. एवढंच.

आजवर मीही कुणाकुणाच्या अशा फांद्यांचं कौतुक केलं असेल, कोण जाणे.

मी तावदान उन्हात धरलं. काकूंनी हौसेनं हात पुढे केला. तळव्यावर हिरवा उजेड पडला आणि त्याच्या मधोमध माझी काळी रेघ. काकूंनी अलगद मूठ मिटली.