डमडमच्या अंगणातलं हिरवं गवत

धाकट्या बहिणीचा, शोभाचा, फोन आला. "ताई, मागच्या अंगणात कुणीतरी निजलंय. दिसत नाही, पण निजलंय." शोभाचे यजमान अरविंदराव बँकेत, बदलीवर कलकत्त्याला, डमडमला भाड्याचं घर. फोनवर वाद घालत बसण्यापेक्षा जाऊन बघू म्हटलं, एकदाचं.

नागपूरहून हावड्याची गाडी. डबा घरून न्या, गाडीतली डाळ म्हणजे पाणी. हावड्याला टॅक्सीवाल्यांच्या गराड्यात थांबू नका, तिथूनच मेट्रो मिळते, टॅक्सीच्या मानाने फुकटच. ती नदीखालून जाते. बाहेर बोगद्यात निळे दिवे सरकायला लागले. डोक्यावर एवढी नदी. मला नाही आवडलं. एस्प्लनेडला गाडी बदलून डमडम. स्टेशनाबाहेर कचुरी खा, गरम असेल तरच.

शोभाने चहासुद्धा न देता अंगणात नेलं. गवत सगळं पिवळट, आणि भिंतीशी एकच तुकडा काळपट हिरवा, गुडघाभर. अंग मुडपून कुणी झोपावं तसा आकार. वारा नव्हता, तरी तेवढंच हललं.

शेजारी वाटीत दूधभात. तिचा कुत्रा काळू दोन पावसाळ्यांपूर्वी पळून गेला, असं अरविंदरावांनी तिला सांगितलेलं. तेव्हापासून ही रोज त्याची वाट बघते.

"खुरपं आण," मी म्हटलं.

"अहो ताई, दमून आलात, कशाला उकरताय?" अरविंदराव मध्येच बोलले. त्यांचा चेहरा बघितला आणि मी उकरायलाच बसले.

माती काळी, भुसभुशीत. आधी पट्ट्याचं बक्कल निघालं. मग हाडं. मांस नाही, केस नाहीत, नुसत्या गवताच्या मुळ्या हाडांना विळखा घालून बसलेल्या.

"गाडीखाली आला होता," अरविंदराव खाली बघत म्हणाले. "तू माहेरी होतीस. सांगवेना."

शोभाने बक्कल उचलून पदराने पुसलं. त्यांची मुलगी रिया शेतकी शिकते, तीही तिथेच उभी. मी शाळेत फार टिकले नाही, म्हणून तिला म्हटलं, सरळ सांग, बाकीचा कुत्रा गेला कुठे?

"मावशी, मातीत जिवाणू असते ना, डोळ्याला न दिसणारे. त्यांनी काळूला खाल्लं. त्याच्या अंगातल्या नायट्रोजनचं खत केलं. गवताने ते ओढलं, म्हणून एवढं हिरवं."

"सगळाच गवतात गेला?"

"नाही गं. दुसरे जिवाणू थोडा नायट्रोजन हवेत सोडून देते. आणि तिसरे आहे, ते हवेतला परत मातीत आणते. असंच फिरत राहते."

"म्हणजे आत्ता आपल्या नाकात..."

"थोडासा. असेल."

मी तोंडाला पदर लावला. शोभाने उलट छाती भरून श्वास घेतला. मला तिचीच भीती वाटली.

परत आल्यावर शेजारणी विचारतात, कलकत्त्यात काय बघितलं? गवत, सांगते. हसतात. हसू दे. मी मात्र हिरवळीवर बसायचं सोडलंय.

काल शोभाचा फोन आला. हाडं झाकून तिथे पालक पेरला होता, भाजी केली म्हणाली.

"खाल्लीस?" मी ओरडलेच.

"खाल्ली. इतकी वाट बघितली त्याची, ताई. आता टाकून देऊ?"