मोठ्यांची गोळी, बाळाची पुडी

सोलापुरात मे महिन्यात पंखा बंद करून बसणारी बाई मी एकच पाहिली. आमच्या मुलांच्या हॉस्पिटलातल्या औषधांच्या खोलीतल्या सिद्धेश्वरीबाई. मी तिथलीच नर्स, वैजयंती. एकवीस वर्षं त्यांच्या खिडकीशी उभी राहून घामाने निथळले आहे आणि तितकीच वर्षं कुरकुर केली आहे. पण वाऱ्याने पूड उडाली तर बाळाचं औषध कमी पडतं, म्हणून बाईंपुढे कुणाचं चालत नाही.

लोकांना वाटतं, मुलांचं औषध म्हणजे गोड गुलाबी बाटली. कसलं काय. आमच्याकडची कितीतरी औषधं मोठ्यांसाठीच बनलेली असतात. डॉक्टर बाळाच्या वजनाप्रमाणे डोस लिहितात, बाई गोळी खलतात, दुधाच्या साखरेत मिसळून काट्यावर तोलतात आणि पुड्या बांधतात. वडिलांच्या किराणा दुकानात हळद-जिऱ्याच्या पुड्या बांधून त्यांचा हात बसलेला. आपली पुडी उंचावरून पडली तरी उघडत नाही, हे त्या दिवसातून दोनदा तरी ऐकवतात.

गेल्या वर्षी मैंदर्गीची शिवानी आली. चार महिन्यांची, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेला. चार घोट दूध प्यायली की धाप लागायची. डॉक्टरांनी आईबापाला समजावून, सही घेऊन एक गोळी सुरू केली. पुरुष आपल्या खासगी अडचणीवर घेतात, तीच. तिनेच हा दाबही उतरतो. पाचव्या दिवशी आमच्याकडचा साठा संपला, म्हणून चिठ्ठी देऊन गोळ्या बाहेरून आणायला सांगितलं. बाप कामावर होता, तेव्हा आजोबा गेले. गुरुसिद्धप्पा त्यांचं नाव.

परतले ते लालबुंद होऊन. गोळ्यांची पट्टी त्यांनी बाईंच्या खिडकीत आपटली.

“दुकानदार काय म्हणला ठावं हाय? ‘आजोबा, ह्या वयात?’ चार माणसं फिदीफिदी हसली. नातीसाठी हाय म्हणलं, तर लईच हसली. माज्या नातीला असली गोळी? न्हाय चालायची. आमी पोरीला घरला नेतो.”

मला हसू आवरेना, पण दुसऱ्याच क्षणी घड्याळाकडे नजर गेली. दोनचा डोस अर्ध्या तासावर आला होता. हे औषध एकदम तोडलं तर दाब पुन्हा उसळतो. एवढंसं बाळ जीवाला मुकू शकतं.

बाई शांतपणे म्हणाल्या, “दुकानदार खोटं बोलला नाही, अज्जा. गोळी मोठ्या पुरुषांचीच आहे. खोक्यातल्या कागदावर लहान मुलांना द्या असं कुठंच लिहिलेलं नाही.”

मी कपाळाला हात लावला. खरं बोलायला बाईंना नेमकी हीच वेळ सापडली.

मग त्या उठल्या आणि आजोबांना घेऊन वॉर्डात शिवानीच्या खाटेशी आल्या.

“हे झबलं कशाचं?”

“माज्या जुन्या धोतराचं. पयलं झबलं आज्याच्या धोतराचंच शिवत्यात की. मऊ असतंय.”

“पुरुषाचं धोतर पोरीला कसं चाललं?”

“तसंच घातलंय व्हय? मापानं कापलंय.”

“मग मी दुसरं काय करते? चला, बघा.”

बाईंनी त्यांना खिडकीशी बसवलं. पंखा बंद. गोळी खलली, तोलली, एका गोळीच्या पाच पुड्या झाल्या. मधेच बघते तर पूड उडू नये म्हणून आजोबांनी श्वास रोखून धरलेला. दोनला पाच मिनिटं असताना पहिली पुडी त्यांनीच माझ्या हातात दिली.

“जा की लवकर. उबी काय ऱ्हायलीस?”

तीन आठवड्यांनी शिवानी घरी निघाली. पुड्या बाईच बांधून देणार होत्या, पण पुढचे कितीतरी महिने दुकानातून गोळ्या आणाव्या लागणार होत्या. बाईंच्या खिडकीशी मी हळूच आजोबांना म्हटलं, “आता मुलाला पाठवत जा दुकानात. तुम्हाला उगीच ऐकून घ्यावं लागतं.”

“त्याला कशाला? मीच जाणार.” त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “हसू देत. मी सांगतो की सगळ्यांना, माजी नात आता मधी न थांबता दूध पिती.”

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. बाई मात्र नाक पुसत म्हणाल्या, पूड नाकात गेली.