झोक्याखालची जमीन

माझ्या नाकाला घरात सगळे हसतात. दूध नासायला लागलं की मला शेजारच्या खोलीतून कळतं, कुणी बूट न धुता घरात आणले तर तेही कळतं. तर ज्या दिवशी मागच्या वाड्यातून तो वास आला, त्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं की तिथे काहीतरी मेलंय. कुणी मनावर घेतलं नाही. "आई, गटार असेल," एवढं बोलून मुलगा कामावर गेला.

पण आधी वाडा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला काहीतरी मोठं वाटायचं. सुरतेत घरामागच्या उघड्या जागेला वाडो म्हणतात. आमचं घर कोसाडच्या बाजूला, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं. मागे भांडी घासायची मोरी, कपड्यांची दोरी, आणि उरलेल्या जागेत पोरं खेळतील तेवढं अंगण. आमच्या ह्यांनी उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जन्म काढला. हक्काचं घर झालं तेव्हा त्यांनी हौसेने वाड्यात कोटा फरशी बसवली. मलाही बरं वाटलं हो. आम्ही धुळ्याकडची माणसं. लहानपणी अंगण करायचं म्हणजे माती पसरायची, पाणी शिंपडायचं, चोपण्याने बदडून बदडून बसवायची आणि वरून शेणाने सारवायचं. पायाखाली खडा लागला नाही, पाय रुतला नाही की जमीन चांगली. माझ्या आईने मला तेच शिकवलं. तेव्हा फरशी बघून मला वाटलं, चला, आता सारवायचंही काम नाही, बादलीभर पाणी ओतलं की लख्ख.

त्या फरशीवर नातीसाठी झोका उभा केला. लोखंडी पाइपाचा, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला, साखळीचा. आमच्यात नवीन काहीही आलं की त्या जागेवर नारळ फोडतात. ह्यांनी हात वर नेला आणि नारळ झोक्याखाली आपटला. पहिल्याच फटक्याला दोन शकलं, पाणी भिंतीपर्यंत उडालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नारळ इतका सहज फुटतो ती जागा पोरीला पडायला कशी असेल, हे एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग व्हायचं ते झालं. नात झोक्यावरून तोंडावर पडली. हनुवटी फाटली, टाके पडले. पाच वर्षांची पोर, दवाखान्यात ओरडून ओरडून आवाज बसला तिचा. घरी आल्यावर सूनबाईने साखळ्या काढल्या, पाट काढला आणि सगळं माळ्यावर टाकलं.

"अगं, पोरं पडतातच," हे म्हणाले. लूमच्या खडखडाटाने ह्यांचे कान गेलेत, त्यामुळे साधं बोलणंही गल्लीला ऐकू जातं. "आम्ही नाही का पडलो?"

"पडला असाल बाबा," सूनबाई म्हणाली. "पण खालची जमीन बदलल्याशिवाय झोका खाली यायचा नाही. आणि या पावसाळ्यानंतरही बदलली नाही तर मी तो सांगाडाच भंगारवाल्याला देणार."

ती बोलते कमी, पण बोलली की करते. मी तिच्या बाजूची होते, पण मला दुसरी काळजी लागली. नात सोफ्यावर मोबाइल घेऊन बसायला लागली. जेवताना मोबाइल, उठल्यावर मोबाइल. मधूनच माझ्याजवळ येऊन मांडीला टेकायची आणि म्हणायची, "आजी, मने हिंचको जोईए." घरात मराठी, बाहेर गुजराती, तिचं हट्टाचं सगळं गुजरातीतच असतं. मी तिला शब्द दिला, तुझा झोका येईल.

आता मुलाची अक्कल ऐका. तो एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात आहे. तिथे कतरण म्हणजे कापडाचे तुकडे, सुताचा गुंता, तुटलेल्या टिकल्या यांचे ढीग पडतात. सुरतेत कतरणीचं काय करत नाहीत? उशा भरतात, गाद्या भरतात, रिक्षाची सीट भरतात. मऊ म्हटलं की आमच्या लोकांना कतरणच सुचते. एका रविवारी हा टेम्पो घेऊन आला, पोतीच्या पोती. फरशी उखडली नाही, काही नाही. चारी बाजूंनी विटा लावल्या आणि आत पोती मोकळी केली.

"आई, उडी मारून बघ. गादी आहे गादी!"

"आणि ह्याच्यात सुया असल्या म्हणजे?" सूनबाईने विचारलं.

"चाळून घेतलंय ना."

"कुणी चाळलं?"

"चाळलंय म्हटलं ना!"

त्यावर त्याने ओळखीच्या मंडपवाल्याकडून हिरवं गवतासारखं जाजम आणून अंथरलं. लग्नात घालतात तसलं, वापरून टाकलेलं. दिसायला मात्र बाग झाली. शेजारणी येऊन फोटो काढून गेल्या. मला त्या जाजमाला पहिल्याच दिवशी डाळीचा आणि गुटख्याचा मिळून एक वास आला, आंबूस. एका कोपऱ्यात कुणीतरी पिंक टाकलेला तांबडा डाग होता, तो मुलाने कुंडी ठेवून झाकला. झाकला म्हणजे गेला! कुठल्या लग्नातल्या कुठल्या माणसाचं थुंकणं माझ्या नातीच्या पायाखाली, ह्या विचाराने मला त्या दिवशी घास गिळवेना.

नारळ आणला होताच. पण नव्या जाजमाला डाग पडतील म्हणून ह्यांनी तो मोरीच्या पायरीवर फोडला. सूनबाई बघत होती. झोका काही तिने माळ्यावरून खाली काढला नाही. म्हणाली, "पाऊस जाऊ दे, मग बघू."

झोका नसला तरी पोर त्या जाजमावर उड्या मारत होती. पावसाची झड लागली, आमच्याकडची हवा तर एरवीही ओली, त्यात ते सगळं भिजलं. खाली फरशी, पाणी जाणार कुठे? आठवड्याभरात गादीचा लगदा झाला. नातीच्या पोटऱ्यांवर पुरळ उठलं, ती रात्रंदिवस खाजवायची. आणि मग तो वास. मी खिडक्या लावल्या, उदबत्ती लावली. उदबत्तीत मिसळून तो आणखीच वाईट झाला. शेवटी मुलगा घरी असताना मी पदर खोचला आणि म्हटलं, "चल. जाजम उचल. माझ्यासमोर."

त्याने एक कडा धरली आणि ओढली. अगं बाई! जाजमाच्या खालच्या अंगाला बुळबुळीत काळा थर. कतरणीचा रंग सुटून गुलाबी-काळं पाणी साचलेलं, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मांजरांनी कडेकडेने खड्डे करून आपलं सगळं उरकून ठेवलेलं. आणि मधोमध सुताच्या गुंत्यात उंदराने घर केलेलं, नागडी गुलाबी पिल्लं, काही जिवंत, काही मेलेली. मुलगा तोंडावर हात ठेवून मोरीकडे पळाला. मी मात्र काठीने ते ढवळलं, कारण मला एक बघायचं होतं. आणि दिसलंच. सुई. एम्ब्रॉयडरीच्या मशीनची, अर्धी तुटलेली, टोक वर.

ती मी चिमट्याने उचलली आणि मुलाच्या तळहातावर ठेवली. "हे घे. तुझं चाळलेलं."

मला तो घाणीचा ढीग बघून जेवढी शिसारी आली, त्याहून जास्त ह्याची आली की माणूस आपल्या पोरीच्या पायाखाली काय घालतोय ते बघायचा कंटाळा करतो, आणि वर हिरवं अंथरून फोटो काढतो.

सगळं उचलून फेकायला दिवस गेला. मी डेटॉल टाकून फरशी घासली आणि अंगावर पाणी घेतलं, तरी हाताचा वास गेला नाही.

पुढच्या वेळी मुलगा मला घेऊनच दुकानात गेला. रिंग रोडला रबराच्या लाद्या विकणारं मोठं दुकान, काचेचं दार, आत गारेगार. दुकानदाराने लाल, निळ्या, हिरव्या लाद्या मांडल्या. मी एक उचलून नाकाशी नेली. जळक्या टायरचा वास! हात बघितला तर तळव्याला काळं.

"मासी, सूंघो नहीं," तो म्हणाला, "उपर चालो, जुओ केवुं सॉफ्ट छे."

मी वर चालून बघण्याऐवजी अंगठा दाबला. रबर संपून लगेच खालची टाइल लागली. "भाऊ, ही एवढीशी जाडी. झोक्यावरून पोर डोक्यावर पडली तर?"

"पडशे ज नहीं ने, मासी!"

आता ह्याला काय म्हणावं? पडणारच नाही तर मी तुझ्या दुकानात गोट्या खेळायला आले होते का? त्याने मग जाड लाद्याही दाखवल्या, त्या खरंच बऱ्या होत्या, दाबल्या की दबत होत्या. पण त्याही फरशीवरच चिकटवायच्या, आणि वैशाखात आमच्या वाड्यात उभं राहून बघा, काळं रबर किती तापेल ते. पुरळ आत्ता कुठे गेलंय, आता भाजून घेऊ? मी उठले. काचेच्या दाराबाहेर आल्यावरही तो टायरचा वास हातालाच.

घरी येताना एका बांधकामापाशी रिक्षा अडकली. समोर रेतीचा ढीग आणि त्यावर मजुरांची पोरं वरून खाली कोलांट्या मारत होती. धपकन पडायची, खिदळायची, परत वर. मी रिक्षावाल्याला म्हटलं, थांब रे बाबा जरा. उतरले आणि मूठ भरून बघितली. नदीची जाड रेती, दाणे गोल, मुठीत धरून सोडली तर गोळा होत नव्हती. बाजूला प्लास्टरची बारीक होती, ती ओली असल्याने दाबली की लाडू वळत होता. बारीक घट्ट बसते. घट्ट आम्हाला नकोच होतं.

"आई, लोक बघतायत," मुलगा म्हणाला.

"बघू दे. तू कतरण आणलीस तेव्हा कुणी बघितलं नाही, तेच चुकलं."

ह्यांनी आधी खूप कटकट केली. स्वतः बसवलेली फरशी उखडायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. "सगळी रेती घरात येईल! बिछान्यात येईल!" येतेच, खोटं कशाला सांगू. पण फरशी निघाली. खड्डा खणला, त्याला मोरीकडे उतार दिला म्हणजे पाणी तुंबू नये. हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल एवढी रेती भरली, चाळून आणि धुऊन. चाळणाऱ्यात मी होते, त्यामुळे कुणी विचारलं तर सांगता येतं कुणी चाळली. खडे, काचा, एक खिळा, कुणाचा तरी तुटका कंगवा, त्यात केसांसकट, सगळं बाहेर काढलं. मांजरांसाठी ताडपत्री केली. पोरं खेळून झाली की झाकायची, कडेला विटा ठेवायच्या. आणि रोज सकाळी दाताळ्याने ओढायची, कारण पाय पडून पडून झोक्याखालीच ती घट्ट होते. आयुष्यभर ह्या हातांनी जमीन चोपली आणि सारवली, आता रोज उठून मोकळी करते. माझी आई असती तर म्हणाली असती, येडी झाली पोरगी.

रेती भरली त्या दिवशी ह्यांनी सवयीने नारळ घेतला आणि मोरीच्या पायरीकडे निघाले.

"बाबा," सूनबाईने हाक मारली, "तिथे नाही. इथे. झोक्याखाली."

"काय?"

"इथे फोडा म्हटलं!" ती ओरडली. "जिथे ती पडली तिथे!"

ह्यांनी हात वर नेला, लूम चालवलेला हात आहे तो, आणि सगळ्या जोराने नारळ आपटला. धप्. नारळ निम्मा रेतीत रुतून बसला. फुटला नाही. ह्यांनी तो काढला, झटकला, पुन्हा आपटला. धप्.

"नारळच खराब आहे," हे म्हणाले. "बदलून आणा."

"राहू द्या बाबा," सूनबाई म्हणाली. तिने वाकून तो उचलला, चहूकडून फिरवून बघितला, कुठे तडा आहे का. मग माझ्या हातात दिला आणि आत गेली. माळ्यावर साखळ्या ओढल्याचा आवाज आला, आणि तो ऐकून नात सोफ्यावरून मोबाइल टाकून धावली.

भिंतीवर ते ढवळं मांजर येऊन बसलं होतं आणि आमच्या नव्या रेतीकडे टक लावून बघत होतं. मी हातातला नारळ त्याच्यावर उगारला. "शूक्! मेल्या, तुझ्यासाठी नाही केली ती!"