ताडपत्रीच्या खोलीची चावी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग आता तरी का सांगतोय? — कारण उद्या सोमवार आहे.

केजला आमचा मिरची-मसाल्याचा कारखाना आहे. आमचा म्हणजे अप्पांचा — पण बावीस वर्षं झाली, मीही 'आमचा'च म्हणतो. अप्पा मला घरचा माणूस म्हणतात. दर सोमवारी महादेवाची आरती झाली की ते सगळ्यांसमोर आठवड्याची चूकभूल विचारतात. एकदाच विचारतात. महादेवासमोर कोण खोटं बोलेल? — मी बोललो.

थांबा, नीट सांगतो.

सात वर्षांपूर्वीचा उन्हाळा. गच्चीवर मिरची वाळत होती. बीडच्या एका मसालेवाल्यानं मुलाखतीला बोलावलं होतं — हो, मलाच, घरच्या माणसाला. अप्पांना सांगितलं, तहसीलमध्ये काम आहे. ताडपत्रीच्या खोलीची चावी शांताबाईकडे देऊन जा, एवढंच ते म्हणाले. गच्ची ती सांभाळायची. कारखान्यात लागल्यापासून तिचा ऊसतोडीचा फेरा सुटला होता. पण जायच्या गडबडीत चावी माझ्या खिशातच राहिली.

दुपारी अवकाळी आला. मी तेव्हा बीडला, फोन बंद करून बाकावर बसलेलो. शांताबाईनं पोती टाकली, बायकांची लुगडी टाकली — काही उपयोग झाला नाही. सगळी मिरची भिजली. बीडवाले 'कळवतो' म्हणाले, अजून कळवतायत.

तोवर चूक साधीच होती, नाही का? विसरलो म्हणालो असतो तर अप्पा चिडले असते, मिटलं असतं. पण मग दिवसभर होतास कुठं, हाही प्रश्न आलाच असता. म्हणून संध्याकाळी परतल्यावर, सगळे गच्चीवर असताना मी ती चावी शांताबाईच्या डब्याच्या फळीवर, तिच्या पिशवीमागं ठेवून दिली.

सोमवारी अप्पांनी विचारलं. मी म्हणालो, दिली होती. शोधाशोध झाली, चावी फळीवर सापडली. शांताबाईनं कपाळावर हात मारला.

"भाऊंनी दिलीच आसंल," ती म्हणाली. "माज्याच ध्यानात न्हाई."

आमच्याकडे कुणाला काढून टाकत नाहीत. लेकीची करावी तशी साडी-नारळ देऊन बोळवण करतात. ती साडी आणायला अप्पांनी मलाच पाठवलं. मी भारीतली निवडली — पण त्यानं काय झालं? त्या दिवाळीनंतर शांताबाई पुन्हा कोयता घेऊन फडावर गेली.

आता अप्पांचा मुलगा नव्या माणसांना माझं उदाहरण देतो. इमान शिकावं तर यांच्याकडून, म्हणतो. उद्या आरतीनंतर त्यावर मी दोन शब्द बोलायचे आहेत. काय बोलू?

परवा शांताबाई केजच्या स्टँडवर भेटली. ओळखून हसली, अप्पांची तब्येत विचारली. घरातल्या चाव्या सुनेकडेच ठेवते म्हणाली, आपल्या हाती नकोच.

"मी लई इसराळू हाय, भाऊ."

मी म्हणालो, होतं असं एखाद्याचं. आणि जीपमध्ये जाऊन बसलो.