एकमताचा पंप

मे १९९९ चा शेवटचा रविवार, सकाळचे दहा. रक्कम चार हजार चारशे, प्रत्येक बिऱ्हाडाचे साडेपाचशे. हजर: आमच्या सोसायटीची आठही बिऱ्हाडं, त्यात खजिनदार म्हणून मी. विषय: पाण्याचा जळलेला पंप. गुरुवारी वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या लेकीची हळद होती आणि पाणी खालच्या टाकीतून बादलीने वर चढत होतं.

आधीच्या दोन सभांत मतं चार-चार पडली होती. चौघांना नवा पंप हवा होता, चौघांना जुनाच दुरुस्त करून. दुरुस्तीवाल्यांचे पुढारी ओझरच्या विमान कारखान्यातले साहेब. "आम्ही विमानं जोडतो, पंपाचं काय घेऊन बसलात!" हा पंपही त्यांनी दोनदा जोडला होता. दोनदा जळला.

तेवढ्यात तळमजल्यावरचा भाडेकरू उभा राहिला. हा इंडोनेशियाचा, द्राक्षाचं काम शिकायला वर्षभर नाशकात आलेला. हिंदी तो सिनेमे बघून शिकलेला, त्यामुळे दूध मागतानाही नायकाचा आवेश. त्याच्या देशात कित्येक वर्षांनी मोकळी निवडणूक होत होती. अठ्ठेचाळीस पक्ष रिंगणात, आणि हा त्यातल्या एका चिमुकल्या पक्षाचा भक्त.

"भाईसाहब, हाथ मत उठाओ! हमारी पार्टी में वोटिंग नहीं. सब बैठेंगे, सब बोलेंगे. जो ना कहे, उसको प्यार से पूछेंगे, क्या करें कि तू हाँ कहे?"

तत्त्व सगळ्यांना फार आवडलं. घोटाळा तिथेच झाला. प्रेमाने विचारणार म्हटल्यावर जो तो लग्नातल्या जावयासारखा रुसून बसला.

साहेब म्हणाले, "सभेला बोलवायला घरी कोणी आलं का? नुसती जिन्यात नोटीस!"

निफाडचे मामा नव्या पंपाच्या बाजूचे, तेही उलटले.

"मामा, मघाशी तुम्ही हो म्हणालात की!"

"मंग? हो म्हणलं म्हणून मला कोणी इचारतच नाय. साधं पाणी तरी इचारलं का?"

"मामा, पाणीच नाहीये! पंप जळलाय!"

हसून हसून माझ्या बायकोला ठसका लागला. बारा वाजेपर्यंत आठच्या आठ बिऱ्हाडं विरोधात होती. पाहुणा भाडेकरू मात्र खूश. "देखा? सब एक तरफ आ गए!"

मग काकू पदर खोचून उभ्या राहिल्या. "आता मी रुसले. मला विचारा."

पाहुण्याने हात जोडले. "माँजी, क्या करें कि आप हाँ कहें?"

"गुरुवारी नळ सोडला की पाणी यावं. आणि नव्या पंपाचं बटण साहेबांनी दाबावं."

साहेब सावरून बसले. "मीच?"

"तुम्हीच. विमान समजून दाबा."

साहेबांनी मान डोलावली. त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी.

गुरुवारी बटण दाबलं आणि तिसऱ्या मजल्यावर पाणी आलं. पाहुण्याला बायकांनी कानापर्यंत हळद फासली, आणि तो तशाच अवतारात जिन्यात नाचला.

त्याच्या निवडणुकीचा निकाल कळला तेव्हा पावसाळा अर्धा सरला होता. तो धावतच वर आला. "भाईसाहब, एक भी सीट नहीं! लेकिन मीटिंग हुई. सब मान गए कि हम हार गए. एक ने भी ना नहीं कहा!"

पंपवाल्याला बसवणुकीसह चार हजार तीनशे वीस दिले होते. उरलेले ऐंशी त्याच्या पक्षाला द्यावेत, असं सोसायटीत सर्वानुमते ठरलं. पण पक्षाची पावती कुठून आणायची? शेवटी ते कोपऱ्यावरच्या जिलबीवाल्याला दिले. त्याची पावती आहे.