रोटोरुआतली अदब

मुलाच्या होणाऱ्या आजेसासूला मी चारचौघांत झिडकारलं, तेही अदब म्हणून.

इथे बहारीनमध्ये, हिद्दला आमच्या वर्कशॉपमागचं गटार उघडलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो आणि मी थेट न्यूझीलंडच्या रोटोरुआला पोचतो. तिथे जमिनीतूनच असा वास निघतो. उंच झाडांचं ओलं जंगल, खदखदणारा गरम चिखल, आणि ते दाखवायला आलेलं मुबीनच्या होणाऱ्या बायकोचं माओरी कुटुंब.

त्यांच्यात भेटताना नाकाला नाक टेकवून एकमेकांचा श्वास घेतात. म्हटलं, बहारीनमध्ये हयात गेली, हे मला काय शिकवणार? अरब पुरुषांशी भिडवतो तसं मी तिच्या काकांशी तीनदा नाक भिडवलं. मंडळी खूश. मग तिची आजी काठी टेकत पुढे आली आणि डोळे मिटून तिने चेहरा वर केला. आता परक्या बाईला कोण शिवतो? छातीवर हात ठेवून मी मागे सरलो. ती वाफेत तशीच उभी राहिली. मला वाटलं, केवढा सभ्य माणूस मी.

गाडीत मुबीन एवढंच म्हणाला, "अब्बा, ती तुम्हाला आपलं म्हणत होती."

त्याचं लग्न आम्ही फोटोत पाहिलं.

परवा नातीच्या वाढदिवसासाठी त्याने तिकीट पाठवलं. मी बॅग काढली, तशी माझी बायको शमीम म्हणाली, "ठेवा ती. तिकीट माझ्या एकटीचं आहे. तुम्ही हिद्दलाच बसा, वास तोच येतो."